चाहत्याची वही : जनसंगीतावरील रसिक-लेखनाचा एक विचार

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ज्याला अद्याप नाव मिळालेले नाही अशा एका लेखनप्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे. एखाद्या गायिकेवर, एखाद्या संगीतकारावर किंवा एखाद्या काळातील गाण्यांवर जीव जडलेला माणूस, कोणी सांगितलेले नसताना आणि मानधनाची वा पदाची अपेक्षा नसताना, वर्षानुवर्षे त्या गाण्यांविषयी लिहीत राहतो. तो याद्या करतो, तारखा टिपतो, आठवणी लिहितो, इतर श्रोत्यांशी पत्रव्यवहार करतो, चुका दुरुस्त करतो, क्वचित भांडतोही. यातले काही छापले जाते. बरेचसे वह्यांमध्येच राहते. हिंदी चित्रपटगीतांच्या संदर्भात असे लेखन १९५० नंतर विपुल झाले आणि त्यात मराठी भाषकांचा वाटा लक्षणीय आहे. तरीही साहित्याच्या इतिहासात त्याला स्थान नाही, आणि संगीताच्या अभ्यासात ते 'साधन' म्हणून, तेही संकोचाने, वापरले जाते.

हा संकोच आपल्या शब्दांतच दिसतो. 'रसिक' हा शब्द संस्कृत काव्यशास्त्राच्या सावलीत वाढलेला आहे. त्यात संस्काराची आणि अधिकाराची कल्पना गृहीत आहे. 'कानसेन' हा शब्द तानसेनाशी यमक साधून काहीशा विनोदाने घडवलेला असला, तरी तो बैठकीतल्या जाणत्या श्रोत्याला मान देतो. 'दर्दी' या शब्दात गाण्याने होणाऱ्या वेदनेची आणि त्या वेदनेच्या ओळखीची खूण आहे. 'चाहता' मात्र 'चाहणे' या क्रियापदापासून आला, आणि त्याच्याजवळ चाहण्यापलीकडे काही नाही असेच आपण धरून चालतो. चाहत्याच्या लेखनाला समीक्षा म्हणावयाचे नाही, कारण तो निःपक्षपाती नाही. आणि ललितलेखन म्हणावयाचे नाही, कारण त्याला रूपाची जाण नाही: असा दुहेरी निवाडा आधीच झालेला असतो.

या निवाड्याची फेरतपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. चाहत्याचे सगळे लेखन समीक्षेच्या योग्यतेचे आहे असे मला म्हणावयाचे नाही. बहुतेक नाही. परंतु त्याच्या लेखनात ज्या ठिकाणी आवड आणि निर्णय एकमेकांपासून वेगळे होतात, ते ठिकाण समीक्षेच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ते ठिकाण कोणते आणि ते कसे ओळखावे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२

आरंभ एका नावाच्या अभावापासून करता येईल. बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोही दिग्दर्शित 'महल' हा चित्रपट १९४९ मध्ये आला. खेमचंद प्रकाश यांनी स्वरबद्ध केलेले 'आयेगा आनेवाला' हे त्यातील गाणे देशभर गाजले. पण त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव होते 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावर मधुबालेने रंगवलेल्या पात्राचे नाव. आवाज लता मंगेशकरांचा होता, आणि तो कोणाचा याची विचारणा श्रोत्यांनी आकाशवाणीकडे केली. नाव जाहीर झाले ते त्या विचारणेनंतर. ही हकीकत अनेकदा सांगितली जाते, पण लताबाईंच्या उदयाची एक कथा म्हणून. श्रोत्यांच्या बाजूने ती क्वचितच वाचली जाते.

त्या बाजूने वाचल्यास तिचा अर्थ बदलतो. ज्यांनी विचारणा केली त्यांच्यापाशी त्या क्षणी नाव नव्हते, कीर्ती नव्हती, छायाचित्र नव्हते. होता तो केवळ एक आवाज, आणि हा आवाज पात्राचा नसून दुसऱ्या कोणाचा आहे ही जाणीव. चित्रपटाने रचलेला आभास त्यांनी मानला, पण ध्वनिमुद्रिकेवरील नावाने तो आभास कायम ठेवावा हे त्यांना मान्य झाले नाही. 'हे कोण गाते?' हा प्रश्न कर्त्याचा शोध घेणारा आहे. संहितेच्या अभ्यासात कर्तृत्वनिश्चितीला आपण पहिली पायरी मानतो. चाहत्याची पहिली कृतीही तीच होती. त्याची आवड नावाच्या आधीची होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

याच्या पाठोपाठ घडलेली दुसरी घटना नावाच्याच राजकारणाची आहे. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. अभिजात संगीताचा त्यांना अभिमान होता आणि चित्रपटसंगीताविषयी अप्रीती. त्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीत ऐकवताना चित्रपटाचे नाव घेणे बंद केले, कारण ती जाहिरात ठरते. गायकाचे नाव तेवढे घ्यावयाचे. निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. ती पोकळी रेडिओ सिलोनने भरली. १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला' या अमीन सयानी यांच्या कार्यक्रमासाठी दर बुधवारी संध्याकाळी लघुलहरींवर लोक कान लावून बसू लागले. विविध भारती सुरू झाली ती १९५७ मध्ये.

या घटनाक्रमाचा एक परिणाम पुरेसा लक्षात घेतलेला नाही. परदेशी केंद्र, खरखर, एकदाच ऐकू येणारे गाणे, पुन्हा कधी लागेल याची शाश्वती नाही, आणि ध्वनिमुद्रिका विकत घेणे सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचे: अशा परिस्थितीत गाणे जवळ ठेवण्याचा एकच उपाय उरतो, तो म्हणजे ते लिहून ठेवणे. गीतमालेच्या क्रमवारीत ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही धरला जात असे. फर्माइशीच्या पत्रांमुळे झुमरी तलैयासारखे लहानसे गाव देशभर माहीत झाले. म्हणजे सरकारी धोरणाने ज्या श्रोत्याला सुसंस्कृत करावयाचे ठरवले होते, तो श्रोता या काळात लिहिता झाला. चाहत्याची वही ही या टंचाईची निर्मिती आहे.

३

या वहीचे दोन पिंड आहेत. एक यादीचा आणि दुसरा आठवणीचा. दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

यादीच्या पिंडाचे सर्वांत भव्य रूप म्हणजे कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी सिद्ध केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश'. दशकवार रचलेल्या या कोशाचा पहिला खंड १९३१ ते १९४० या काळाचा आहे. चित्रपट, वर्ष, कलावंत, गीतकार, संगीतकार, गीतांचे पहिले शब्द, गायक, ध्वनिमुद्रिकेचा क्रमांक: एवढ्याच गोष्टी त्यात आहेत. मत नाही, विशेषण नाही. कोणत्याही विद्यापीठाने न नेमलेल्या माणसांनी, पत्रव्यवहाराने जोडलेल्या श्रोत्यांच्या साह्याने, हे काम तडीस नेले. मुंबईत विश्वास नेरूरकर यांनी लता मंगेशकरांच्या गीतांची 'गंधार' ही सूची याच वृत्तीने केली.

सूचीला समीक्षा म्हणता येणार नाही, हे उघड आहे. पण सूची हे निव्वळ यांत्रिक काम आहे असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्यात सात गाणी होती. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही. त्या गाण्यांचे अस्तित्व आता सूचीतल्या ओळींपुरते उरले आहे. त्याच दशकातील कित्येक गीतांपुढे गायकाचे नाव नाही. ही मोकळी जागा मला सूचीकाराच्या नीतीची खूण वाटते. ज्याला गाण्यावर प्रेम आहे त्याला ती जागा आपल्या लाडक्या नावाने भरण्याचा मोह सर्वांत अधिक होणार; आणि त्यानेच ती मोकळी ठेवलेली आहे.

सूचीने आवडीला कसा लगाम घातला याचे प्रसिद्ध उदाहरण गिनीज बुकाच्या वादात सापडते. १९७४ च्या आवृत्तीत लता मंगेशकरांनी १९४८ पासून वीस भारतीय भाषांत किमान २५,००० गीते ध्वनिमुद्रित केल्याची नोंद झाली. महंमद रफी यांनी तिला हरकत घेतली. रफींच्या निधनानंतर, १९८४ च्या आवृत्तीत, त्यांच्या २८,००० गीतांच्या दाव्याचाही उल्लेख आला. १९९१ मध्ये या नोंदी वगळल्या गेल्या. या सतरा वर्षांत दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी हे आकडे मंत्रासारखे जपले. पण साधा हिशेब मांडला तरी ते टिकत नाहीत. २५,००० गीते सव्वीस वर्षांत म्हणजे वर्षाला साडेनऊशेहून अधिक. सणवार, आजारपण, परदेशदौरे न वगळता दररोज अडीचांहून अधिक. त्या काळात वर्षाला निघणारे हिंदी चित्रपट शंभर-सव्वाशे. प्रत्येकी सात-आठ गाणी धरली तरी सगळ्या गायक-गायिकांची मिळून वर्षाची संख्या हजाराच्या आसपासच जाते. आज सूचींच्या आधारे दोघांचीही हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास मोजली जातात.

हा आकडा खाली कोणी आणला? संगीतशास्त्रज्ञांनी नाही, ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी नाही, वृत्तपत्रांनी तर नाहीच. तो खाली आणला तो एकेक गाणे मोजत बसलेल्या चाहत्यांनी. अतिशयोक्ती ही चाहतेपणाची स्वाभाविक भाषा आहे हे खरे. पण त्या अतिशयोक्तीला पुराव्यापुढे उभे करण्याची शिस्तही याच वर्तुळात निर्माण झाली. भक्तीने जे फुगवले ते भक्तीनेच मोजले.

४

आठवणीचा पिंड मराठीत अधिक रुजला. शिरीष कणेकर यांच्या 'गाये चला जा'चे नाव येथे प्रथम घ्यावे लागते. कणेकरांनी चित्रपटगीतांवर लिहिताना स्वतःला लपवले नाही. गाणे कोठे ऐकले, कोणाबरोबर ऐकले, ते ऐकताना काय झाले, त्या गाण्याच्या संगीतकाराला अनेक वर्षांनी भेटल्यावर तो कसा दिसला, हे सगळे त्यांच्या लेखनात गाण्याइतकेच महत्त्वाचे असते. विनोद आणि हळवेपणा यांच्या अदलाबदलीवर त्यांची शैली उभी आहे. ज्यांची नावे विस्मरणात गेली होती अशा संगीतकारांना त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या संभाषणात परत आणले, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

मात्र या प्रकारच्या लेखनाची एक सैद्धांतिक अडचण आहे, आणि ती आपल्या काव्यशास्त्राने हजार वर्षांपूर्वीच ओळखलेली आहे. रससूत्रावरील भाष्यात अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली. त्यांतील दुसरे विघ्न म्हणजे अनुभव 'माझा' किंवा 'दुसऱ्याचा' असा ठरावीक मानून विशिष्ट देशकालात अडकून राहणे. तिसरे, निजसुखादिविवशीभाव: आपल्याच सुखदुःखाने ग्रासलेले असणे. चौथे आणि पाचवे प्रतीतीच्या साधनांतील वैगुण्याचे आणि अस्पष्टतेचे. ही यादी वाचताना लघुलहरींवर गाणे ऐकणाऱ्या श्रोत्याचेच वर्णन आपण वाचत आहोत असे वाटू लागते. रेडिओची खरखर हे चौथे व पाचवे विघ्न. आणि 'ते गाणे, त्या वर्षी, त्या खोलीत, ती मुलगी समोरच्या गच्चीवर असताना' हे दुसरे आणि तिसरे. रसविघ्न मानून जे दूर सारावयाचे, तेच चाहत्याच्या आठवणीचे मुख्य द्रव्य आहे.

येथे एक मार्मिक तपशील आहे. तिसऱ्या विघ्नाच्या निवारणासाठी अभिनवगुप्त जे उपाय सांगतो त्यांत वाद्ये, गायन आणि नाट्यमंडपाची शोभा येते. म्हणजे नाट्यगृहात गाणे हे प्रेक्षकाला स्वतःच्या सुखदुःखातून बाहेर काढण्याचे साधन आहे. रेडिओने गाणे मंडपातून काढले आणि स्वयंपाकघरात, न्हाव्याच्या दुकानात, वसतिगृहाच्या खोलीत नेऊन ठेवले. मंडप गेला तसे निवारणाचे साधनच विघ्नाचे वाहन झाले. जे गाणे ऐकणाऱ्याला 'मी'पासून सोडवणार होते ते आता त्याच्या 'मी'ला चिकटून राहिले. जनसंगीताच्या आस्वादाचे हे वेगळेपण आहे आणि त्याला केवळ आस्वादकाचा दोष मानून चालणार नाही.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा'मध्ये सौंदर्यविषयक विचारातील द्विध्रुवात्मकता दाखवून दिली: एका टोकाला कलानुभव लौकिक जीवनापासून पूर्ण अलग मानणारी भूमिका, दुसऱ्या टोकाला तो लौकिक अनुभवाचाच भाग मानणारी. चाहत्याचे आठवणपर लेखन लौकिकतेच्या ध्रुवावर इतके झुकलेले आहे की कित्येकदा गाणे केवळ निमित्त उरते. वाचकाला लेखकाचे तारुण्य कळते, गाण्याची रचना कळत नाही. अशा लेखनाचा खरा दोष भावुकता हा नाही. त्यात वाचकाला असहमत होण्यासाठी जागाच राहत नाही, हा आहे. 'त्या संध्याकाळी मला रडू आले' या विधानाशी वाद कसा घालणार? शैली जितकी प्रभावी तितकी ही कोंडी अधिक. वाचक हसतो, गहिवरतो आणि मान डोलावतो. पण त्याच्यापुढे निर्णय ठेवलेला नसतो, तर केवळ एक माणूस ठेवलेला असतो.

५

यादीत निर्णय नाही आणि आठवणीत निर्णयाला आधार नाही. मग चाहत्याच्या लेखनात समीक्षा कोठे सुरू होते? या प्रश्नाचे उत्तर मला एका छापील ग्रंथात मिळाले नाही. ते एका वहीत मिळाले.

प्रस्तुत लेखकाच्या संग्रहात नात्यातील एका दिवंगत गृहस्थांची वही आहे. ते टपाल खात्यात कारकून होते. हिशेबाच्या लांब वहीत त्यांनी रकाने आखले आहेत: तारीख, केंद्र, गाण्याचे पहिले शब्द, चित्रपट, गायक, संगीतकार, आणि शेवटी 'शेरा'. पहिल्या अनेक पानांवर शेऱ्याच्या रकान्यात 'हवा खराब', 'दुसरा अंतरा ऐकू आला नाही', 'रेकॉर्डवर नसलेला अंतरा चित्रपटात आहे' अशा नोंदी आहेत. म्हणजे आपल्या प्रतीतीच्या साधनांतील वैगुण्य ते स्वतःच नोंदवीत होते. एखाद्या गाण्याविषयी मत देताना आपण ते कितपत ऐकले हे आधी सांगावे, ही समज भल्याभल्या समीक्षकांनाही नसते.

त्यातील एक नोंद 'नूर महल' (१९६५) मधील 'मेरे महबूब न जा' या गाण्याची आहे. गायकाच्या रकान्यात प्रथम 'लता' असे लिहिलेले आहे. शेरा दोन वाक्यांचा आहे: 'न जा मध्ये विनवणी आहे, रडणे नाही. हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही.' पुढे केव्हातरी, तांबड्या शाईने, 'लता' खोडून 'सुमन कल्याणपूर' असे केलेले आहे आणि बाजूला 'रेकॉर्ड पाहिली' एवढेच शब्द आहेत. ही चूक त्या काळी असंख्य श्रोत्यांनी केली. दोन आवाजांतील साम्यामुळे सुमन कल्याणपूर यांची कित्येक गाणी लताबाईंच्या नावावर जमा झाली होती. मानधनहक्काच्या प्रश्नावरून लता आणि रफी यांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले तेव्हा रफींबरोबरची अनेक युगुलगीते सुमनताईंच्या वाट्याला आली आणि हा घोटाळा अधिकच वाढला.

पण माझे लक्ष वेधले ते शेऱ्याच्या रकान्याने. त्याच तांबड्या शाईने तेथेही एक रेघ मारलेली आहे. ती दोन्ही वाक्यांवर नाही. दुसरे वाक्य खोडलेले आहे. पहिले तसेच आहे.

या एका रेघेत चाहत्याच्या लेखनाची सगळी समस्या आणि तिचे उत्तर सामावलेले आहे असे मला वाटते. नाव बदलल्यावर सगळाच शेरा खोडला असता तर असे म्हणावे लागले असते की या माणसाने आवाज ऐकलाच नव्हता, नाव ऐकले होते. काहीच खोडले नसते तर असे म्हणावे लागले असते की त्याने आपल्या विधानांचा अर्थ पाहिला नव्हता. त्याने दोन वाक्यांतील फरक ओळखला. 'विनवणी आहे, रडणे नाही' हे विधान गाण्याविषयी आहे. गाणे पुन्हा ऐकून कोणालाही ते पडताळता येते, त्याच्याशी सहमत होता येते किंवा ते नाकारता येते. 'दुसऱ्या कोणाला जमणार नाही' हे विधान दैवताविषयी होते, आणि त्या दुसऱ्या कोणीच ते करून दाखवले होते. वर्णन टिकले, स्तोत्र पडले.

कांटने रुचिनिर्णयाचे जे लक्षण सांगितले आहे त्याची येथे आठवण होते. 'मला आवडते' असे म्हणणारा केवळ स्वतःपुरते बोलतो. 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो, जरी ती संमती कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नसली तरी. आमच्या टपाल कारकुनाने कांट वाचलेला नव्हता. पण आपले कोणते वाक्य दुसऱ्यासमोर ठेवता येईल आणि कोणते येणार नाही, हे त्याला चूक सापडल्या क्षणी कळले. ही चूक सापडली नसती तर कदाचित कळलेही नसते. म्हणूनच यादी आणि आठवण या दोन पिंडांची एकमेकांना गरज आहे. यादीने नाव दुरुस्त केले. त्या दुरुस्तीने शेऱ्याची परीक्षा घेतली. आणि त्या परीक्षेत जे उरले ते समीक्षेचे वाक्य होते.

'महल'च्या श्रोत्यांची गोष्ट आता पुन्हा आठवावी. त्यांनी नाव नसलेल्या आवाजाला दाद दिली आणि मग नाव विचारले. सोळा वर्षांनंतरचा श्रोता नाव धरून दाद देऊ लागला होता. मधल्या काळात चाहत्याच्या अनुभवात नाव हे आवाजाच्या आधी येऊन बसले. तांबड्या शाईच्या त्या रेघेने हा क्रम एका गाण्यापुरता पुन्हा उलटा केला.

६

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप अडोर्नोचा. संगीतातील वस्तुपूजेवरील १९३८ च्या निबंधात त्याने असे प्रतिपादन केले की बाजारपेठेतील संगीताचा श्रोता ऐकत नाही, केवळ ओळखतो. गाजलेला आवाज ही त्याची पूजावस्तू असते. रेकॉर्डचे क्रमांक जमवणारा, गाण्यांची संख्या मोजणारा चाहता या वर्णनात चपखल बसतो असे वाटेल. बसतोही, बऱ्याच अंशी. पण पूजावस्तूचे लक्षण असे की तिच्याविषयीची चूक भक्ताला मान्य करता येत नाही. ज्या वहीत दुरुस्तीला जागा आहे ती वही केवळ पूजेची असू शकत नाही.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येईल. हेन्री जेंकिन्स यांच्या १९९२ च्या ग्रंथापासून चाहत्यांच्या अभ्यासाची एक शाखाच निर्माण झाली आहे. चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून अर्थाचा निर्माता आहे, असे ती मानते. चाहत्याला प्रतिष्ठा देण्यासाठी तिचा उपयोग झाला. पण या प्रतिष्ठेत एक उणीव राहते. चाहता काय करतो हे ती सांगते. तो म्हणतो ते बरोबर की चूक, हा प्रश्न ती शक्यतो टाळते. वहीतील गृहस्थांना हा सन्मान बहुधा रुचला नसता. आपण अर्थ निर्माण करतो आहोत असे त्यांना वाटत नव्हते. आपण नीट ऐकले की नाही, याची त्यांना काळजी होती. ज्याला स्वतःच्या चुकीची एवढी पर्वा आहे त्याच्या विधानांना खरे-खोटे ठरवण्यापासून सूट देणे हा त्याचा गौरव नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण अभिजात संगीताच्या बाबतीत आपण हौशी श्रोत्याला समीक्षकाचा दर्जा खळखळ न करता दिला. 'घरंदाज गायकी' (१९६१) लिहिणारे वामनराव देशपांडे व्यवसायाने सनदी हिशेबनीस होते. केशवराव भोळे यांनी गायकांवर लिहिताना 'एकलव्य' हे टोपणनाव घेतले. ते नाव फार बोलके आहे. समोर गुरू नाही, मातीची प्रतिमा आहे, आणि तिच्यासमोर साधना करावयाची आहे. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका यांच्यासमोर बसलेला चित्रपटगीतांचा चाहता नेमका याच स्थितीत होता. घराण्याच्या गायकीवर लिहिणारा जाणकार आणि सिनेमाच्या गाण्यावर लिहिणारा शौकीन, हा भेद लेखनाच्या गुणवत्तेवरून केलेला नव्हता. तो विषयाच्या प्रतिष्ठेवरून केलेला होता. अशोक दा. रानडे यांनी 'जनसंगीत' ही संगीताची स्वतंत्र कोटी मानली आणि २००६ मध्ये हिंदी चित्रपटगीतावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा विषयाची प्रतिष्ठा शास्त्राच्या बाजूने मान्य झाली. त्या विषयावर आधीपासून लिहिणाऱ्यांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक आहे.

आणि तो तातडीचा आहे. ज्या पिढीने लघुलहरींवर गाणी ऐकून वह्या भरल्या ती पिढी आता जवळजवळ संपली. अमीन सयानी २०२४ मध्ये गेले, शिरीष कणेकर त्याच्या आदल्या वर्षी. छापील पुस्तके ग्रंथालयांत राहतील. वह्या रद्दीत जातात, कारण घरातल्यांना त्यांत गाण्यांच्या याद्यांपलीकडे काही दिसत नाही, आणि गाणी तर आता कोणालाही केव्हाही ऐकता येतात. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. गाणे उपलब्ध झाले की त्याच्या नोंदीची गरज संपते, असे त्यात गृहीत आहे. पण गाणे उपलब्ध आहे, ऐकणे उपलब्ध नाही. १९६५ मध्ये त्या गाण्यात कोणाला काय ऐकू आले, आणि ते खरे की नावाचा भास हे त्याने स्वतःशी कसे ठरवले, हे ध्वनिमुद्रणात सापडणार नाही.

साहित्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आपण आस्वाद आणि समीक्षा यांतील भेद शिकवतो तेव्हा उदाहरणे बहुधा ग्रंथांतून घेतो. तो भेद एका हिशेबाच्या वहीत, एका अर्ध्या खोडलेल्या शेऱ्यात, अधिक स्पष्टपणे दाखवता येतो. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील, शेजारातील अशा वह्या शोधाव्यात, आणि त्या वाचताना आधी शाईचा रंग पाहावा. लेखक जेथे स्वतःला खोडतो, तेथून वाचायला सुरुवात करावी.